छपरावरचा ठिपका

सगळा घोळ तळ्यापासून सुरू झाला.

शहराच्या नकाशावर मी चार हजार तीनशे अठरा ठिपके टाकले होते. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी एक हेल्पलाइन आहे, तिथे वर्षभरात आलेले एवढे फोन. एक फोन, एक ठिपका. हेल्पलाइनवाल्यांनी पत्ते दिले नव्हते, देऊही नयेत. एकसष्ट विभाग आणि प्रत्येकासमोर एक आकडा, एवढाच तक्ता आमच्या हातात होता. मग ठिपके कुठे टाकायचे? तर त्या विभागाच्या हद्दीत, कुठेही. संगणक मूठभर दाणे भिरकावल्यासारखे ते टाकून देतो. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं. बाहेरच्या कुणाला ते ठाऊक नसतं, हे मात्र वर्तमानपत्राच्या ग्राफिक्स विभागात तेरा वर्षं घालवूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

बातमीदार बाईंनी हा तक्ता मिळवायला पाच महिने अर्ज-विनंत्या केल्या होत्या. मी त्याचे आधी आलेखाचे साधे उभे स्तंभ काढून दिले. संपादकांनी ते हातात धरले आणि म्हणाले, "हे बघून कुणाच्या पोटात कालवेल का? माणसाला स्वतःची गल्ली दिसली पाहिजे." म्हणून ठिपके आले. ते मी बैठकीत पडद्यावर दाखवले, तर संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोट पुढे केलं. "तळ्यात सहा ठिपके आहेत. मासे फोन करतात का?"

सगळे हसले. बातमीदार बाईसुद्धा हसल्या. माझ्यावर कुणी हसलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि मग मी गरजेपेक्षा जास्त काम करते. दोन दिवस खपून मी शहरातल्या एकूण एक इमारतीची बाह्यरेषा मिळवली आणि संगणकाला बजावलं, ठिपका पडेल तो छपरावरच. तळ्यात नाही, मैदानात नाही, रस्त्यावर नाही. वर असंही केलं की वाचकानं नकाशा बोटांनी मोठा करत नेला तर थेट घरापर्यंत पोचावा. आता नकाशा खरा वाटत होता. खोट्याला इतकं खरं करून ठेवलं होतं मी, आणि माझी मलाच शाबासकी देत होते.

मंगळवारी सकाळी सातला तो आमच्या संकेतस्थळावर गेला. दहापर्यंत ऐंशी हजार लोकांनी बघितला, आणि प्रत्येक माणूस सरासरी सात मिनिटं त्यावर थांबत होता. आमच्याकडे सात मिनिटं म्हणजे चैन. लोक सख्ख्या आईशी फोनवर इतका वेळ बोलत नाहीत. लोक सात मिनिटं करतायत तरी काय, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

साडेदहाला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते.

"अगं, आमच्या इमारतीवर दोन ठिपके आहेत!"

"बरं, मग?"

"एक तिसऱ्या मजल्यावरची. मला कधीपासून संशय होताच. दुसरी कोण गं? तुला तर माहीत असेल."

"ताई, ते ठिपके कुठेही पडलेत. त्यांचा कुणाच्या घराशी काडीचा संबंध नाही."

"मग घरावर कशाला दाखवलेत?"

मी चिडले. "खाली लिहिलंय तसं. कोपऱ्यात एक गोल चिन्ह आहे, ते दाबलं की सगळं येतं."

"ते होय? मला वाटलं, ते शोभेसाठी आहे." मग ताई म्हणाली, "म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची नाही?"

"कुणीच नाही, ताई!"

"अगंबाई. मघाशी ती जिन्यात भेटली, तर मी तिचा हात हातात घेतला. आणि शेजारणीलाही बोलले मी."

"शेजारणीला कशाला?"

"अगं, तिनंच तर मला नकाशा दाखवला."

मी फोन ठेवला. लोक मूर्ख असतात, ताई त्यांची अध्यक्ष आहे, असं स्वतःशी म्हणत मी चहा आणायला गेले. यंत्रापाशी रांग होती. दोघांनी अभिनंदन केलं. मी "थँक्यू" म्हटलं आणि चहा तसाच टेबलावर विसरून आले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी खालच्या स्वागतकक्षातून फोन वर आला. "नकाशाबद्दल आहे. बाई नाव सांगत नाहीत. तुम्हीच घ्या."

"तो नकाशा तुम्ही काढला?" आवाज अगदी हळू होता. मागे कुणीतरी मोठ्यानं अक्षरं वाचत होतं.

"हो."

"तुम्हाला आमचा पत्ता कुणी दिला?"

मी ताईला सांगितलं तेच सांगितलं, जरा गोड आवाजात. माझं संपल्यावर ती म्हणाली, "आमचं घर गल्लीच्या टोकाला आहे. शेजारी लाकडाची वखार. आजूबाजूला दुसरं घर नाही. त्याच्या बरोबर मधोमध ठिपका आहे."

"तो योगायोग आहे हो. संगणक कुठेही—"

"हे मला कळलं. ह्यांना कोण सांगणार?"

मग तिनं सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे आणि दुकानाच्या फोनवरून बोलत होती, कारण तिचा फोन नवरा रोज बघतो. सकाळी नऊला तिच्या दिरानं नकाशाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'वहिनी, छपरावर काय पडलंय बघा', आणि हसरे चेहरे. सासूबाईंनी एक चेहरा टाकला. नणंदेनं दोन टाकले. नवऱ्यानं बघितलं होतं, तशी खूण आली होती. तो काही बोलला नव्हता.

"हे काहीतरी बोलतात तेव्हा बरं असतं," ती म्हणाली. "साडेसहाला घरी येतात."

"तुम्ही केला होता का फोन?" मी विचारलं. विचारल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली. ताईत आणि माझ्यात काय फरक राहिला?

"नाही," ती म्हणाली. "केला असता तर निदान केल्याबद्दल मार खाल्ला असता."

माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातानं मी तिचा विभाग उघडला होता. सदतीस ठिपके. टोकाची गल्ली, वखारीचं लांबलचक छप्पर, त्याच्या बाजूला एक छोटा चौकोन आणि चौकोनावर माझा लालसर ठिपका. तो लाल निवडायला मी अख्खी दुपार घातली होती. फार भडक नको, फार फिका नको, माणूस वाटला पाहिजे, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत होते.

"मी आत्ता काढते तो. एका मिनिटात जाईल."

"नको!" ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली आणि लगेच आवाज खाली आणला. "अहो, फोटो आहे त्यांच्याकडे. सकाळी होता आणि संध्याकाळी नाही म्हटल्यावर कुणी काढायला सांगितला, हे कळायला काय लागतं?"

"मग अख्खा नकाशाच उतरवते."

"म्हणजे खरं होतं म्हणून उतरवला, असं म्हणतील."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? तुमचं काम आहे ते." मागून कुणीतरी हाक मारली. "गिऱ्हाईक आलंय. दुकान सहापर्यंत असतं." तिनं फोन ठेवला.

मी उठले, बसले, पुन्हा उठले. आमच्या कचेरीत खिडकीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत बावीस पावलं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. घड्याळात पावणेबारा. साडेसहाला पावणेसात तास. एका बाईच्या घरात संध्याकाळी काय होईल ते माझ्या छपरांच्या हौसेवर अवलंबून होतं, आणि मला सुचत काहीच नव्हतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात येत होती. ठिपके योगायोगानं पडले, हे मला माहीत होतं कारण मी ते पडताना बघितले होते. चाचणीच्या वेळी दहादा टाकले, दहादा वेगळीकडे पडले. वाचकानं मात्र एकदाच पडलेले बघितले, आणि एकदा पडलेला ठिपका म्हणजे पत्ताच.

मग त्यालाही पडताना दाखवायचे.

आमचा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले आहेत. सगळे त्यांना सावकाशराव म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. ते बरोबर बाराला डबा उघडतात आणि साडेबारापर्यंत देव आला तरी त्याला बसायला सांगतात. मी डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"जो कुणी पान उघडेल त्याला दर वेळी ठिपके नव्यानं पडलेले दिसले पाहिजेत. आणि एक मोठं बटण हवं, 'पुन्हा टाका'. दाबलं की सगळे उडून दुसऱ्या छपरांवर."

"दर वेळी चार हजार ठिपके, दोन लाख छपरं. लोकांचे फोन तापून मरतील."

"सावकाशराव, आज संध्याकाळी साडेसहाला एका बाईला मार पडणार आहे, आणि तो मी पाडणार आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डबा बाजूला सरकवला. हे आमच्या कचेरीत कुणी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. "दर वेळी कशाला टाकायचे? आधीच दोनशे वेळा टाकून ठेव. दोनशे नकाशे. उघडणाऱ्याला त्यातला कुठलाही एक द्यायचा. कुणाला पत्ता लागतोय?"

मी दोनशे वेळा ठिपके टाकायला लावले आणि ते होईपर्यंत संपादकांच्या खोलीत गेले. बातमीदार बाई तिथेच होत्या. मी सगळं सांगितलं. संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे गंभीर झाले.

"ठीक आहे, बदला. खाली बारीक अक्षरात एक स्पष्टीकरण टाका."

"बारीक अक्षरात ते आधीही होतं. मीच ठेवलं होतं, कोपऱ्यात, दिसू नये इतक्या सुंदर ठिकाणी. आता वर टाकायचं, ठळक. आणि सगळ्या वाचकांच्या फोनवर सूचना पाठवायची, चूक झाली म्हणून."

"चूक कसली? आकडे बरोबर आहेत ना?"

"आकडे बरोबर आहेत. चित्र खोटं आहे."

बातमीदार बाईंचा चेहरा उतरला. "अगं, पाच महिने गेलेत माझे यात. 'चूक' हा शब्द गेला की उद्या सगळे म्हणतील, आकडेच खोटे. ज्यांना ही बातमी नको होती ते टपूनच बसलेत."

खरं बोलत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता, म्हणून जास्तच तगमग झाली. मी म्हटलं, "माझं नाव घाला. आकडे हेल्पलाइनचे, बातमी यांची, चित्र माझं आणि चूक माझी. तसंच लिहा."

"तेरा वर्षांत तू स्वल्पविरामाची चूक कबूल केलेली नाहीस," संपादक म्हणाले.

"म्हणूनच लोकांचा विश्वास बसेल."

ते हसले नाहीत. घड्याळाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "मजकूर मला दाखव," एवढंच म्हणाले.

जागेवर आले तर दोनशे नकाशे तयार होते. मी पहिली गोष्ट केली ती ही की वखारीशेजारच्या त्या चौकोनावर किती वेळा ठिपका पडलाय ते मोजलं. सात वेळा. दोनशेपैकी सात. आता हे सात नकाशे मी गुपचूप बाजूला काढू शकत होते. एकशे त्र्याण्णव नकाशे, आणि त्या घरावर एकदाही काही नाही. संध्याकाळी तिचा नवरा शंभरदा बटण दाबील, त्याचं छप्पर स्वच्छ. हात शिवशिवत होते माझे. पण तळ्यातले ठिपके काढतानाही ते असेच शिवशिवले होते.

मी चष्म्याच्या दुकानाला फोन लावला. सकाळी ज्या नंबरवरून आला होता तो स्वागतकक्षातून घेतला होता. मालकानं उचलला.

"माझा चष्मा तयार झाला का, विचारायचं होतं. तुमच्याकडच्या बाईंनी नंबर घेतला होता मोजून."

त्यानं हाक मारली. ती आली. "बोला."

"मी नकाशावाली. फक्त हो-नाही म्हणा. दर वेळी ठिपके वेगळीकडे पडतील असं केलंय. दोनशेत सात वेळा तुमच्या घरावर पडतो. ते सात काढून टाकू का?"

मागे पुन्हा कुणीतरी अक्षरं वाचत होतं, शेवटच्या ओळीवर अडखळत होतं.

"नाही, नंबर तोच राहू दे," ती म्हणाली. "एकदम काढला तर त्रास होतो. अधूनमधून दिसलं पाहिजे. कधीच दिसलं नाही तर माणसाला संशय येतो."

मालक शेजारीच असणार. मी बघत राहिले माझ्या पडद्याकडे. मला तेरा वर्षांत कुणी इतक्या थोडक्यात माझं काम समजावलं नव्हतं.

"तुमचे दीर कुठे राहतात?" मी विचारलं.

"मागेच. पाण्याच्या उंच टाकीला लागून."

मी मोजलं. "त्यांच्या घरावर नऊ वेळा पडतो. मी काही केलेलं नाही. आपोआप पडलाय."

पलीकडे एक विचित्र आवाज आला. ती हसली होती आणि हसू दाबत होती. "चालेल," ती म्हणाली. "ती फ्रेम चांगली आहे."

मजकूर लिहायला मला दीड तास लागला. लिहिलं आणि खोडलं, लिहिलं आणि खोडलं. शेवटी राहिलं ते एवढं: 'या नकाशातला एकही ठिपका कुणाच्याही घराचा नाही. कुठल्या घरातून फोन आला हे आम्हाला माहीत नाही, कधीच माहीत नव्हतं. ठिपके घरांवर दाखवणं ही आमची चूक होती. आकडे विभागाचे आहेत आणि ते खरे आहेत. खालचं बटण दाबा आणि स्वतःच बघा.' खाली माझं नाव. संपादकांनी 'आमची चूक'वर पेन टेकवलं, थांबले आणि पेन उचललं. बातमीदार बाईंनी 'आकडे खरे आहेत' हे वाक्य वर नेलं. मी वाद घातला नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी सूचना गेली: 'तुमच्या घरावर ठिपका दिसला? आमची चूक. पुन्हा टाकून बघा.' लगेच ताईचा फोन आला.

"अगं, आता आमच्या इमारतीवर एकही नाही! आणि आता एक आला! आता समोरच्या शाळेवर गेला! हे फारच छान केलंस."

"शेजारणीला दाखव."

"दाखवते. आणि तिसऱ्या मजल्यावरचीला काय सांगू? मी हात का धरला म्हणून?"

"माफी माग."

"कशाबद्दल मागायची? तिला तर काहीच माहीत नाही."

त्या संध्याकाळी मला काहीच माहीत नव्हतं. सहा वाजले. चष्म्याचं दुकान बंद झालं असणार. साडेसहा वाजले. मी पान उघडून बटण दाबत बसले. ठिपके उडत होते आणि बसत होते. कुणीतरी दिवे लावले, कुणीतरी "येतो" म्हणून गेलं. सात वाजता सावकाशराव माझ्या टेबलाशी आले, उरलेला डबा पुढे ठेवला आणि निघून गेले. मी तो संपवला. कशाची चव होती ते आठवत नाही. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, असता तरी फोन करता येण्यासारखा नव्हता. कुणाला विचारायचं, कुठे जायचं, वखारीशेजारच्या घराची बेल वाजवून मी काय सांगणार होते? घरी गेले, पडून राहिले, आणि अख्खी रात्र कूस बदलत काढली.

सकाळी दहाला चष्म्याची दुकानं उघडतात. मी साडेनऊपासून फोनपाशी होते. दहा वाजून दहा मिनिटांनी खालून फोन वर आला. या वेळी स्वागतकक्षातल्या मुलीनं विचारलंसुद्धा नाही.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "मालक यायचेत अजून."

"काय झालं?"

"आला, चहा घेतला, आणि मला समोर बसवलं. फोन हातात घेऊन बटण दाबत बसला. मोजून साठ वेळा. मोठ्यानं मोजत होता." काल ती 'हे' म्हणत होती, आज 'तो' म्हणत होती. "दोनदा आमच्यावर पडला. दोन्ही वेळा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. मग एकदा दिराच्या घरावर पडला. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आता तुझ्या छपरावर काय पडलंय बघ.' मग दोघं भाऊ फोनवर हसले. मग जेवला आणि झोपला."

"म्हणजे काही झालं नाही?"

"काल काही झालं नाही."

मी खुर्चीत मागे टेकले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी आलं तसं येऊ दिलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "चला, बरं झालं. सुटलो."

दुकानात अजून कुणीच नसावं. अक्षरं वाचणारं कुणी नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तो झोपल्यावर मी त्याच्याच फोनवर तुमचं पान पुन्हा उघडलं. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. गोल चिन्ह पण दाबलं. बातमी पण वाचली सगळी. त्या बायका ज्या नंबरवर फोन करतात तो नंबर कुठेच नाही."

"असणार ना," मी म्हटलं आणि पान उघडलं. मथळा होता. आकडा होता, ठळक. चुकीची कबुली होती. रंगांची सूची, माहितीचा स्रोत, नकाशा मित्रांना पाठवायची तीन बटणं, बातमीदार बाईंचं नाव, माझं नाव दोनदा. मी खाली गेले आणि पुन्हा वर आले.

"नाही," मी म्हटलं.

"तोच हवा होता. सांगा, मी लिहून घेते."

दीड महिना मी त्या नंबरवर आलेले फोन मोजत होते. एकूण किती, कुठल्या विभागातून किती, सगळ्यात जास्त कुठे आणि सगळ्यात कमी कुठे, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नंबर मला माहीत नव्हता.

"थांबा हं," मी म्हटलं. "एक मिनिट. शोधते."

"लवकर बघा," ती म्हणाली. "मालकांची गाडी आली."